महेकचा राग

जुन्नरच्या बाजारपेठेत बांगड्यांची दुकानं काही कमी नाहीत. पण घरात लग्न निघालं आणि चुडा भरायला कुणाला बोलवायचं असा विषय आला की आमच्याकडच्या बायका म्हणतात, "भाभीला फोन लावा." ही भाभी म्हणजे नजमुन्निसा. दुकान तिचा नवरा मेहबूब सांभाळतो, आणि ती स्कूटीवर मागं बांगड्यांची पेटी बांधून गावोगाव फिरते. माहेर मंचरचं, त्यामुळं आंबेगाव तालुक्यातल्या गावांतही तिला बोलावणं असतं. नवरीचा हात हातात घेऊन, अंगठ्याचं हाड आत दाबून ती बांगडी अशी सरकवते की नवरी मैत्रिणीशी बोलत राहते आणि इकडं मनगट भरून जातं.

तिच्याबद्दल दुसरी एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती, ती म्हणजे तिचं तोंड. दुकानापुढं मोटारसायकल लावणारा असो, की कोमेजलेली मेथी जुडीच्या पोटात दडवणारा भाजीवाला असो, नजमुन्निसा कुणाला सोडत नसे. आवाज सगळ्या बोळात ऐकू जायचा. भांडण संपलं की त्याच माणसाला ती चहा पाजायची. मेहबूब मात्र अगदी उलटा. गिऱ्हाइकाचं बोलणं पुरतं ऐकून घेतल्याशिवाय उत्तर न देणारा. त्यांची मुलगी महेक बापावर गेली, असं सगळे म्हणायचे. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली ही पोर आईबरोबर स्कूटीवर उभी राहून लग्नघरी जायची आणि पेटीजवळ बसून लाल बांगड्या लालमध्ये, हिरव्या हिरव्यात लावत राहायची. साडेतीन वर्षांची पोर, पण कधी एक बांगडी तिच्या हातून फुटली नाही.

तिला पहिली आकडी आली ती अवसरी बुद्रुकला, एका मांडवात. नजमुन्निसा नवरीच्या काकूचा हात धरून बसली होती. शेजारी बसलेली महेक एकदम ताठ झाली, डोळे एका बाजूला फिरले आणि हातपाय झटके देऊ लागले. मांडवात पळापळ झाली. कुणी कांदा फोडून आणला, कुणी चप्पल नाकाशी धरली, कुणी "देवाचं नाव घ्या" म्हणून ओरडलं. नवरीच्या चुलत्यानं पोरीला उचलून गाडीत घातलं आणि मंचरच्या दवाखान्यात नेलं. तिथं पोचेपर्यंत ती शांत झाली होती, पण आईला ओळखत नव्हती. "तेवढ्या वेळात मी म्हातारी झाले," असं नजमुन्निसा नंतर सांगायची.

एकदाच आली असेल, त्या दिवशी अंग जरा गरम होतं, ताप डोक्यात गेला असेल, अशी सगळ्यांनी समजूत काढली. पण महिन्याभरात पुन्हा आली, आणि तेव्हा ताप नव्हता. मग पुण्याला जायचं ठरलं. तिथं मेंदूच्या डॉक्टर मॅडमनी महेकच्या डोक्याला वायरी लावून आलेख काढला, सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं की ही एपिलेप्सी आहे. लहान मुलांमध्ये असते, औषधानं ताब्यात राहते, बऱ्याच मुलांची पुढं जातेसुद्धा. फिट आली तर पोरीला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घाबरू नका. सकाळ-संध्याकाळ घ्यायला एक गोड सिरप लिहून दिलं.

सिरप सुरू झालं आणि आकड्या थांबल्या. त्या बाटलीला नजमुन्निसा इतकी जपायची की कपाटात ती वरच्या फळीवर, चांगल्या कपबश्यांच्या रांगेत ठेवली होती. सासूनं दर्ग्यात जाऊन फुलं वाहिली. मेहबूब पहिल्यांदा रात्री निवांत झोपला.

महेक बदलली ती त्यानंतर. सुरुवातीला नुसती किरकिर होती. दूध पांढरं का आहे म्हणून रडायची, भाकरी मोडली म्हणून रडायची. मग फेकाफेक सुरू झाली. आजी केस विंचरायला बसली की तिचा हात चावायची. एकदा तर आजीला म्हणाली, "तू मर." कुठून शिकली कुणास ठाऊक. झोपेतून उठली की दोन मिनिटं गोड असायची, आणि मग कशानं तरी भडका उडायचा. जमिनीवर पडून टाचा घासायची, डोकं आपटायची. सगळं झालं की स्वतःच दमून, हुंदके देत आईच्या कुशीत यायची. आपल्याला काय झालं होतं हे तिलाही कळत नसावं, असं तिचा चेहरा पाहून वाटायचं.

अंगणवाडीत तिनं एका मुलीच्या गालावर बोचकारलं. रक्त आलं. त्या मुलीची आई दुकानात येऊन मेहबूबला बोलून गेली. दुसऱ्यांदा तसंच झाल्यावर अंगणवाडीच्या ताई घरी आल्या आणि चाचरत म्हणाल्या, "काही दिवस घरीच ठेवा भाभी. बाकीच्या आया ऐकत नाहीयेत."

बोळातल्या बायकांचं म्हणणं ठरलेलं होतं. कुणी म्हणे आजारपणात लाडावली. कुणी म्हणे मोबाइल बघून बिघडली. पण सगळ्यात जास्त वेळा जे बोललं जायचं, ते सासूनंच एकदा पापड वाळत घालताना सरळ तोंडावर सांगितलं.

"आईवर गेली. दिवसभर तुझं भांडणच ऐकते ना ती. दुसरं काय शिकणार?"

एरवी नजमुन्निसानं सासूला चार शब्द सुनावले असते, पण हे बोलणं तिच्या आत जाऊन बसलं. तिला ते खरं वाटलं. आपल्या रक्तातलाच राग पोरीत उतरला, आणि आता तो आपल्याला दिसतोय, असं तिच्या मनानं घेतलं. ती भांडेनाशी झाली. दुकानासमोर कुणी गाडी लावली तर बाजूनं वळसा घालून आत यायची. घाऊक व्यापाऱ्यानं पिचक्या बांगड्या दिल्या तरी गप्प घेऊन यायची. आवाज इतका खाली आणला की लग्नघरच्या बायका विचारायच्या, "भाभी, बरं न्हाई का?" महेक तिला मारत असली तरी ती हात धरून नुसती बसून राहायची. मेहबूब म्हणायचा, "अगं, बोल काहीतरी. घर खायला उठतंय." ती म्हणायची, "माझ्या बोलण्यानंच हे झालंय."

दर तीन महिन्यांनी पुण्याला जाणं होत होतं. बाहेर बाकांवर मुलांना घेऊन बसलेली माणसं, आत जेमतेम काही मिनिटं. डॉक्टर विचारायच्या, "फिट आली का?"

"नाही."

"औषध चुकत नाही ना?"

"नाही मॅडम."

"छान." एका खेपेला महेकचं वजन करून त्यांनी डोस थोडा वाढवला. पोरीच्या रागाचं तिथं काढायचं नजमुन्निसाच्या मनातसुद्धा आलं नाही. आपण पोरीला वळण लावू शकलो नाही हे मेंदूच्या डॉक्टरला काय सांगायचं? आणि ज्या बाटलीनं पोर वाचवली तिच्यावर संशय कोण घेणार? डोस वाढला आणि घरातलं उरलंसुरलं स्वास्थ्यही गेलं.

अशात महाळुंगे पडवळहून बोलावणं आलं. घर धनगराचं. मेंढरं आता थोडीच राहिलेली, बाकी शेती. त्या घरची सून पुष्पा ही नजमुन्निसाची ओळखीची गिऱ्हाईक. तिच्या स्वतःच्या लग्नाचा चुडासुद्धा नजमुन्निसानंच भरलेला, महेकला आकड्या सुरू व्हायच्या आधी. आता पुष्पाच्या नणंदेचं लग्न होतं. महेकला घरी आजीजवळ ठेवणं शक्य नव्हतं, म्हातारी आता तिला भ्यायची. म्हणून नजमुन्निसानं तिला बरोबर नेलं.

ओसरीत चटई टाकली होती. मधे पाटावर नवरी, भोवती बायका, आणि एका परातीत हळदकुंकू लावून ठेवलेला हिरवा चुडा. देवाच्या बांगड्या बाजूला काढून झाल्या होत्या. नजमुन्निसा नवरीचा हात धरणार एवढ्यात महेकला पेटीतली सोनेरी बांगडी हवी झाली. आईनं "थांब बेटा" म्हटलं, एवढंच. पोरीनं किंचाळून परातीला लाथ मारली. परात उंबऱ्यावर जाऊन आदळली आणि नवरीचा चुडा ओसरीभर झाला.

लग्नघरात, नवरीच्या पुढ्यात काच. नवरीचे डोळे भरून आले. नजमुन्निसा खाली वाकून तुकडे वेचू लागली. इतक्यात पुष्पाची सासू साळुबाई कोपऱ्यातून उठली, पदर खोचला आणि केरसुणी हातात घेतली.

"वाढवल्या गं, वाढवल्या," फुटल्या हा शब्द टाळून ती मोठ्यानं म्हणाली. "लेकराच्या पायानं वाढवल्या, चांगलंच झालं. भाभी, पेटीत दुसऱ्या हैत न्हवं? मग बसलीस काय? भर."

बायका हसल्या, हवा सैल झाली. पुष्पानं महेकला कडेवर उचललं. महेकनं तिच्या खांद्याला दात लावले, तरी तिनं खाली ठेवलं नाही. तशीच मागच्या अंगणात कोकरं दाखवायला घेऊन गेली. चुडा भरून झाल्यावर नजमुन्निसा मागं आली तेव्हा महेक पुष्पाच्या मांडीवर झोपली होती.

"माफ कर पुष्पा. पोरगी माझ्यावर गेली बघ," नजमुन्निसा म्हणाली.

पुष्पानं तिच्याकडं नवलानं पाहिलं. "तुमच्यावर? आवो, माझ्या लग्नात ही दिसभर पेटीपाशी बसली व्हती. मी सासूबाईंना म्हनलं पन, पोर हाय का भावली. आता आज बघतीया तर दुसरीच पोर. मधी झालं काय हिला?"

"काय नाही गं. आकडी यायची. औषध चालू केल्यापासून ती पण नाही येत."

"आन ही अशी कवापासून करती?"

नजमुन्निसा उत्तर द्यायला गेली आणि थांबली. अंगणवाडीचं भांडण, त्याआधी आजीचा हात, त्याआधी दुधावरून रडणं, आणि त्याच्या जरा आधी सिरपची पहिली बाटली. मागं मागं जाता तिची बोटं पेटीच्या कडीवर तशीच राहिली. रोज बघणाऱ्यांना जे दिसलं नव्हतं ते पुष्पाला दिसलं, कारण तिनं मधलं काही पाहिलंच नव्हतं.

खरं तर तिनं तिथूनच पुण्याला फोन लावायला हवा होता. पण इतक्या महिन्यांचं साचलेलं होतं. घरी आल्यावर तिनं बाटली फळीवरून काढली, आणि त्या संध्याकाळी महेकला औषध दिलं नाही. मेहबूब म्हणाला, "विचारून बंद करू या." ती म्हणाली, "विचारीपर्यंत आणखी एक चमचा का घालू पोरीच्या पोटात?" दुसऱ्या दिवशीही दिलं नाही.

त्याच्या पुढल्या सकाळी महेक मोरीत दात घासत होती आणि ब्रश हातातून गळून पडला. या वेळची आकडी थांबेना. सासू चमचा घेऊन धावली, नजमुन्निसानं तो हात बाजूला सारला, पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी दिली आणि ओरडली, "गाडी बघा!" मेहबूब अनवाणीच बाहेर पळाला. शेजारच्या किराणावाल्याच्या गाडीतून नारायणगावला नेलं. तिथं इंजेक्शन दिल्यावर झटके थांबले. पोर वाचली, पण दिवसभर गुंगीत होती, आणि नजमुन्निसा तिच्या पायथ्याशी बसून होती. तिथल्या डॉक्टरांनी औषध पहिल्यासारखं सुरू करायला सांगितलं आणि पुण्याला पाठवलं.

त्या दिवशी डॉक्टर मॅडमनी "फिट आली का?" विचारायच्या आधीच नजमुन्निसा बोलायला लागली. तिनं स्वतःहून औषध बंद केलं हे आधी सांगितलं, आणि मग बाकी सगळं. चावणं, बोचकारणं, फुटलेला चुडा, "तू मर". बोलताना तिचा जुना आवाज परत आला होता. बाहेर बाकावर बसलेल्या लोकांनीही ऐकलं असेल.

डॉक्टरांनी मधे तोडलं नाही. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "एकदम बंद केलंत ते धोक्याचं होतं, जिवावर बेतलं असतं. पुन्हा कधी करू नका. आता दुसरं ऐका. हे औषध चांगलं आहे, पुष्कळ मुलांना काही त्रास होत नाही. पण काही मुलांना, त्यातून लहानांना, यानं फार राग येतो, चिडचिड होते, रडू येतं. मुलाचा त्यात काही दोष नसतो. आईबापाचाही नसतो." मग म्हणाल्या, "मी दर वेळी फिटचंच विचारलं. मुलगी कशी आहे ते विचारलं नाही. ते मी विचारायला हवं होतं."

नजमुन्निसानं विचारलं, "म्हणजे ही माझ्यावर गेली नाही?"

"ते मला कसं कळणार?" डॉक्टर हसल्या. "गेली असेलही थोडी. पण हे चावणं तुमचं नव्हे, बहुतेक औषधाचंच आहे. बदलून बघू, म्हणजे कळेल."

नवं औषध हळूहळू वाढवायचं, जुनं हळूहळू कमी करायचं, मधले काही आठवडे दोन्ही चालू ठेवायची, असं त्यांनी मेहबूबला दोनदा समजावून सांगितलं. काही वाटलं तर फोन करायला सांगितलं.

परतीच्या वेळी शिवाजीनगरच्या स्टँडवर जुन्नर गाडीला ही गर्दी. एक जाडा माणूस खिडकीतून पिशवी टाकून जागा धरायला लागला. पुढं महेकला घेऊन उभ्या असलेल्या नजमुन्निसानं ती पिशवी खिडकीतून बाहेर ओढून त्याच्या हातात परत दिली. "ओ पावणं! आम्ही काय शोभेला उभं राहिलोय? लाइनीत या!" पुढं बरंच काही बोलली. कंडक्टरही मधे पडला नाही. मेहबूब मागं उभा राहून हसत होता. इतक्या महिन्यांत त्याला तिचा तो आवाज ऐकायला मिळाला नव्हता.

घर रुळावर यायला वेळ लागला. औषध बदलतानाच्या दिवसांत एकदा लहानशी फिट आली. नजमुन्निसानं पुण्याला फोन केला, त्यांनी मात्रा थोडी बदलली. नव्या औषधानं महेक दुपारची पेंगायला लागली आणि दिवसभर खायला मागू लागली. राग काही एका दिवसात गेला नाही. आज चावलं नाही, आज नुसतं ओरडली, आज ओरडून मग स्वतःच गप्प झाली, असं होत होत एके दिवशी आजी म्हणाली, "अगं, हिनं आज मला केस विंचरू दिले." म्हातारीनं सुनेची माफी वगैरे काही मागितली नाही. पण बोळात बसून ती आता बायकांना ठणकावून सांगू लागली, "औषधाचं होतं ते. माझी नात तशी नाहीच मुळी." जणू तिला पहिल्यापासून माहीत होतं. नजमुन्निसा ते ऐकून मेहबूबकडं बघायची आणि हसू दाबायला तोंडावर ओढणी घ्यायची.

अंगणवाडीत परत पाठवायच्या आधी नजमुन्निसा त्या बोचकारलेल्या मुलीच्या घरी गेली. औषधाचं सगळं सांगितलं. ती बाई आधी दारातच उभी होती, मग आत बोलावलं. मुलीच्या गालावर बारीक व्रण राहिला होता. नजमुन्निसानं तिच्या हातात चिमुकल्या बांगड्या भरल्या. ती बाई म्हणाली, "आधी सांगायचं ना भाभी. आम्हाला वाटलं पोरगी खोडीलच आहे."

"मला तरी कुठं माहीत होतं?" नजमुन्निसा म्हणाली.

महेक आता पहिलीत जाते. औषध अजून चालू आहे. आणखी काही काळ फिट आली नाही तर कमी करायचं बघू, असं डॉक्टर म्हणतात. महेक पूर्वीसारखी भावली मात्र राहिलेली नाही. हट्ट करते, आईला उलटून बोलते, वर्गात कुणी खोडरबर घेतलं तर भांडून परत आणते. यातलं तिचं स्वतःचं किती, वयाचं किती, आणि औषधाचं काही उरलंय का, हे नजमुन्निसाला सांगता येत नाही. ती डॉक्टरांना दर वेळी विचारते, आणि डॉक्टरही आता आधी पोरीचंच विचारतात, फिटचं मागून.

मधे एकदा मी दुकानात गेले होते तेव्हा मायलेकी माल लावत बसल्या होत्या. महेकनं हातातलं काम थांबवून एकदम विचारलं. त्यांची घरातली दखनी बोली, मी आपल्या शब्दांत सांगते.

"अम्मी, मला आधी खूप राग यायचा ना?"

"यायचा."

"पोटातून यायचा. मला नको असला तरी यायचा." तिनं हातातली बांगडी बोटावर फिरवली. "तो कुठं गेला?"

"गेला तुझ्या मामाकडं, मंचरला."

महेक हसली नाही. "परत येईल?"

नजमुन्निसानं हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या. "येईल कधी कधी. सगळ्यांना येतो. पण तसा मोठा, नको असताना यायला लागला, तर मला लगेच सांग. मी तुला रागवणार नाही."

"अब्बूला सांगितलं तर चालेल?"

"चालेल की."

महेकनं मान हलवली आणि बापाकडं वळून, त्याच्यापुढं गिऱ्हाईक उभं असतानाच, मोठ्यानं विचारलं, "अब्बू, तुम्हाला कधीच राग येत नाही का?" मेहबूबनं गिऱ्हाइकाचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं, आणि मग तो काय उत्तर द्यावं याचा विचार करू लागला.